वार्धक्यातील निवास आणि घराची मालकी

निवृत्तीनंतरच्या आयुष्याची आखणी करताना उत्पन्नाचा विचार प्रथम आणि निवासाचा मागाहून होतो. वस्तुतः मध्यमवर्गीय कुटुंबाची जन्मभराची बचत बहुधा राहत्या घरातच गुंतलेली असते. म्हणून वृद्ध आप्तांना साह्य करू इच्छिणाऱ्यांनी दोन प्रश्न एकत्र विचारात घेतले पाहिजेत : ते घर उतारवयात राहण्यास योग्य आहे काय, आणि अखेरपर्यंत ते त्यांचेच राहील काय?

पहिला प्रश्न सोयीचा आहे. पुण्या-मुंबईतील अनेक जुन्या तीन-चार मजली इमारतींना लिफ्ट नाही. गुडघे साथ देईनासे झाले की वरच्या मजल्यावरील प्रशस्त घरही बंदिवासासारखे होते. न्हाणीघराचा उंच उंबरठा, गुळगुळीत ओली फरशी, उकिडवे बसण्याचे शौचकूप आणि रात्रीचा अंधार ही पडण्याची नित्याची कारणे होत. आधाराचा दांडा, खरबरीत फरशी, कमोड व रात्रीचा दिवा यांस खर्च थोडाच येतो. तळमजल्यावर किंवा लिफ्टच्या इमारतीत जाणे मात्र खर्चाचे व मनाची तयारी मागणारे असते. हे स्थलांतर हातपाय धड असतानाच करणे इष्ट. कारण नवा शेजार जोडण्यासही काही वर्षे लागतात.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. ‘पुढे मुलांनाच द्यावयाचे, मग आताच का नको?’ या विचाराने अनेक वृद्ध बक्षीसपत्र करून घर मुलांच्या नावे करतात. पती, पत्नी, मुले व नातवंडे यांना निवासी मिळकत बक्षीस देताना लागणारे मुद्रांक शुल्क महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये २०० रुपयांवर आणल्याने हा मार्ग स्वस्तही झाला. तथापि बक्षीसपत्र आणि मृत्युपत्र यांतील भेद मूलगामी आहे. नोंदविलेल्या व स्वीकारलेल्या बक्षीसपत्राने मालकी देणाऱ्याच्या हयातीतच जाते आणि केवळ मन बदलले म्हणून ती परत घेता येत नाही. मृत्युपत्र मृत्यूनंतरच अमलात येते. तोवर ते कितीही वेळा बदलता येते. त्यास दोन साक्षीदार पुरतात, नोंदणी सक्तीची नाही.

माता-पिता व ज्येष्ठ नागरिक यांच्या २००७ च्या निर्वाह व कल्याण अधिनियमातील कलम २३ येथे काही संरक्षण देते. घर घेणाऱ्याने देणाऱ्याच्या मूलभूत सोयी व शारीरिक गरजा पुरवाव्यात, या अटीवर मिळकत दिली असेल आणि ती अट मोडली गेली, तर न्यायाधिकरण ते हस्तांतर रद्दबातल ठरवू शकते. परंतु अशी अट होती हे सिद्ध झाले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. जानेवारी २०२५ मधील निकालात मध्य प्रदेशातील एका मातेला तिचे घर परत मिळाले. तेथे मुलाने सांभाळ करण्याचे लेखी वचन दिले होते. तात्पर्य, प्रेमापोटी न लिहिलेली अट संकटकाळी उपयोगी पडेलच असे नाही.

दैनंदिन खर्चासाठी घर सोडून देण्याचीही गरज नसते. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची मर्यादा २०२३ पासून ३० लाख रुपये असून व्याज दर तिमाहीस मिळते. ज्यांच्याजवळ घर आहे पण रोकड नाही, त्यांच्यासाठी राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेने २००७ मध्ये रिव्हर्स मॉर्गेजची मार्गदर्शक तत्त्वे ठरविली. तीनुसार ६० वर्षांवरील व्यक्ती राहते घर तारण ठेवून बँकेकडून नियमित रक्कम घेऊ शकते, पती-पत्नी हयातभर त्याच घरात राहतात आणि कर्जाची फेड सामान्यतः त्यांच्या पश्चात होते. वारसांना घर हवे असल्यास ते कर्ज फेडून ते सोडवू शकतात.

आप्तांचे साह्य म्हणजे वृद्धांच्या वतीने निर्णय घेणे नव्हे. कागदपत्रे एकत्र लावून देणे, त्यांना वकिलाशी एकांतात बोलू देणे आणि सही करण्यापूर्वी विचारास अवधी देणे, हेच खरे साह्य होय. मृत्युपत्राचा लाभ ज्यास मिळावयाचा आहे, त्याने साक्षीदार होऊ नये, हेही ध्यानात ठेवावे. ज्या घरात वृद्ध माणूस मालक म्हणून राहतो, तेथे त्यास आश्रितासारखे वागविणे अवघड असते. मालकी टिकविण्याचे महत्त्व पैशापेक्षाही यात अधिक आहे.