सूरजागडचा धूपनकाशा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्यात असलेला सूरजागडचा डोंगर लोहखनिजासाठी ओळखला जातो. उतारावर जंगल, मध्ये खाण आणि सखल भागात धानाच्या बांध्या असलेल्या या परिसरात मातीची धूप कोठे अधिक संभवते, हे भौगोलिक माहिती प्रणालीच्या साहाय्याने दाखवता येते; मात्र अशा नकाशांविषयी काही गैरसमज रूढ आहेत.

गैरसमज : धूपनकाशा म्हणजे उपग्रहाने टिपलेली धूप.

वस्तुस्थिती : वाहून गेलेली माती उपग्रह मोजत नाही. सुधारित सार्वत्रिक मृदाधूप समीकरणात पावसाची धूपकारक शक्ती, मातीचे कण सुटण्याची प्रवृत्ती, उताराची लांबी व तीव्रता, वनस्पतींचे आच्छादन आणि मृदसंधारणाचे उपाय या पाच घटकांचा गुणाकार करून दर हेक्टरी वर्षाला किती टन माती सुटेल, याचा दीर्घकालीन सरासरी अंदाज काढला जातो. त्यात घळींची धूप धरलेली नसते आणि सुटलेली माती पुढे कोठे साचते, हेही त्यातून कळत नाही.

गैरसमज : जमिनीच्या उंचीची जुनी माहितीही चालते, कारण डोंगर बदलत नाहीत.

वस्तुस्थिती : उतार काढण्यासाठी सर्रास वापरली जाणारी, ३० मीटर चौकटींची रडार-आधारित उंचीची माहिती फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातून गोळा केली गेली, तर सूरजागड येथे खनिज काढण्यास २०१६ मध्ये सुरुवात झाली, त्यामुळे केवळ या माहितीवर काढलेल्या नकाशात खाणीच्या पायऱ्या किंवा ढिगारे नसतात, खाणीपूर्वीचा डोंगर असतो.

गैरसमज : वरून हिरवे दिसणारे जंगल म्हणजे सुरक्षित माती.

वस्तुस्थिती : उंच झाडांच्या पानांवरून ओघळणारे थेंब पुन्हा वेग घेतात आणि त्यांचा मारा मुख्यतः पालापाचोळा व झुडुपे झेलतात. उन्हाळ्यातील वणव्यात हा थर जळाला, तरी नोव्हेंबरच्या उपग्रह-प्रतिमेत वरचा पर्णसंभार हिरवाच दिसतो. उलट एप्रिलच्या प्रतिमेत पानझडी जंगल उजाड भासते; म्हणून प्रतिमा कोणत्या महिन्याची, हे महत्त्वाचे ठरते.

गैरसमज : जिल्ह्याच्या मृदानकाशावरून प्रत्येक शेताची प्रत कळते आणि लाल माती लोहामुळे सुपीक असते.

वस्तुस्थिती : लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचा असतो आणि त्यावरून नत्र, स्फुरद वा सेंद्रिय कर्ब समजत नाही. १:२,५०,००० या प्रमाणाच्या नकाशात एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरील २५० मीटर, म्हणजेच अनेक बांध्या एकाच ठिपक्यात सामावतात. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिका योजनेत १२ घटक तपासले जातात. तथापि तेथेही जिरायती क्षेत्रात १० हेक्टरांमागे एक नमुना, असे प्रमाण ठरवण्यात आले होते.

यास्तव ज्या धूपनकाशावर उंचीच्या माहितीचे वर्ष, प्रतिमेचा महिना, नकाशाचे प्रमाण आणि प्रत्यक्ष तपासलेल्या नमुन्यांची ठिकाणे नमूद नाहीत, त्याच्या आधारे बांधबंदिस्तीची जागा किंवा नुकसानीचा वाद ठरवू नये.