वरच जळून गेलं, पण गेलं कुठे?

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची रात्र. आकाशातून पेटते गोळे सरकताना लोकांनी पाहिले आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीजवळ, लाडबोरी गावात धातूचं भलंमोठं कडं येऊन आदळलं. ते बहुधा चिनी रॉकेटचं असावं. कुणाला इजा झाली नाही. बाकीचं ‘वरच जळून गेलं’ म्हणून सगळे निर्धास्त झाले.

मोठा गैरसमज हाच. जळलं म्हणजे संपलं नव्हे. वातावरणात परतताना जळणाऱ्या उपग्रहातलं अ‍ॅल्युमिनियम वितळतं, त्याची वाफ होते आणि मागे ऑक्साइडची अतिसूक्ष्म भुकटी उरते. २५० किलोच्या उपग्रहातून अशी सुमारे ३० किलो भुकटी निघते, असा एका अभ्यासाचा अंदाज आहे. ती ओझोनच्या थरापर्यंत उतरायला ३० वर्षंही लागू शकतात. भुकटी स्वतः ओझोन खात नाही. तिच्या पृष्ठभागावर क्लोरिनला मोकळं रान मिळतं, आणि ओझोन खातो तो क्लोरिन. म्हणजे आज जळालेल्या उपग्रहाचा हिशेब आपली नातवंडं चुकवणार.

‘रॉकेट ओझोनला भोक पाडतं’ हेही सर्रास ऐकू येतं. पण ऑगस्ट २०१७ मध्ये फाल्कन ९ रॉकेटने पाडलेलं ‘९०० किलोमीटरचं भोक’ आयनोस्फिअरमधलं होतं, ओझोनच्या कितीतरी वर, आणि असं भोक काही तासांत बुजतं. ओझोन १५ ते ३५ किलोमीटरवर. त्याला रॉकेटचं टोक लागत नाही, धूर लागतो. घन इंधनाच्या धुरात हायड्रोजन क्लोराइड असतं (आपल्या पीएसएलव्हीचा पहिला टप्पा घन इंधनाचाच), तर केरोसीनच्या धुरात काजळी. द्रव हायड्रोजन त्या मानाने सोज्वळ.

मग ओझोन संपणार का? नाही, घाबरवणारेही चुकतातच. २०१९ मध्ये जगभरात रॉकेटची ९७ उड्डाणं झाली, २०२४ मध्ये २५८. वर्षाला २,०४० झाली तर जगाचा सरासरी ओझोन सुमारे ०.३ टक्के घटेल, अंटार्क्टिकावर ठरावीक ऋतूत ४ टक्क्यांपर्यंत, असं २०२५चा एक अभ्यास सांगतो. आकडा लहान दिसतो खरा, पण ओझोन वाचवण्यासाठी झालेल्या १९८७च्या माँट्रियल करारामुळे त्याची जखम आत्ता कुठे भरू लागली आहे, आणि रॉकेटचा धूर त्या कराराच्या कक्षेतच नाही.

क्योतो विद्यापीठाने २०२४ मध्ये लाकडी उपग्रह अवकाशात पाठवला, जळताना अ‍ॅल्युमिनियमची भुकटी कमी व्हावी म्हणून. तळहातावर मावणारा, खिळा-गोंद न वापरता सांधलेला. लाकूड मॅग्नोलियाचं, म्हणजे आपल्या सोनचाफ्याच्या भाऊबंदातलं.