दुकानदाराचे भिजत घोंगडे

लांबणीवर पडलेल्या कामाला आपल्या भाषेत ‘भिजत घोंगडे’ म्हणतात. माणदेशातील मेंढपाळाला या शब्दाचे मर्म सांगावे लागत नाही. कोरडे घोंगडे तो सहज खांद्यावर टाकतो. तेच भिजले की उचलवत नाही. लहान दुकान किंवा कारखाना चालवणाऱ्या प्रत्येकाकडे अशी दोन-चार घोंगडी असतात. पण म्हणून त्याला आळशी ठरवणे अन्यायाचे होईल. सकाळी आठला दुकान उघडून रात्री नऊला बंद करणारा मनुष्य आळशी कसा म्हणावा?

खरी गोष्ट अशी, की धंद्यातील काही कामे बोलकी असतात, तर काही मुकी. गिऱ्हाईक, हमाल, माल घेऊन आलेला टेम्पोवाला हे आपल्यापुढे उभे राहून काम करवून घेतात. उधारीची वसुली, खतावणी, विम्याचे नूतनीकरण, कराचे विवरणपत्र ही कामे कोपऱ्यात गप्प बसतात. त्यांत भिडेची भर पडते. समोर राहणाऱ्या गृहस्थाला “भाऊ, मागचं जरा बघाल का?” एवढे चार शब्द विचारायचे असतात, आणि तेच घशात अडकतात.

यावर कोणी म्हणेल, थांबणे हा तर व्यापाराचा धर्मच आहे. खरे आहे. सांगलीजवळच्या हरिपुरात जमिनीत खोल पेवे खणून हळद साठवीत, आणि भाव येईपर्यंत व्यापारी खुशाल थांबत. परंतु त्या थांबण्याला कारण होते, हिशेब होता आणि बाजारभावावर रोज नजर होती. ज्याला कारण नाही आणि ज्याच्यावर नजरही नाही, ते थांबणे म्हणजे टाळणे. मुख्य धोका हा, की आपण टाळलेले काम जागच्या जागी राहत नाही. त्याचे स्वतःचे घड्याळ असते, आणि ते चालूच राहते.

उधारीचेच घ्या. मुदतीचा कायदा १९६३ सालचा आहे. विकलेल्या मालाच्या पैशासाठी दावा करण्यास त्याने साधारणपणे तीन वर्षे दिली आहेत. परतफेडीची मुदत ठरलेली नसेल तर माल दिल्या दिवसापासून, आणि ठरलेली असेल तर ती संपल्यापासून ही वर्षे मोजतात. साताऱ्याच्या मोती चौकातला दुकानदार भिडेखातर चौथ्या वर्षापर्यंत गप्प राहिला, तर वहीत रक्कम दिसते, पण न्यायालयाचा दरवाजा बहुधा बंद झालेला असतो.

कराचे घड्याळ दिवसावर चालते. वस्तू व सेवा कराचे नेहमीचे विवरणपत्र चुकले तर दिवसाला ५० रुपये, आणि देणे काहीच नसेल तर २० रुपये विलंबशुल्क लागते. त्याला कमाल मर्यादा आहे. पण थकलेल्या करावर व्याज निराळे.

तिसरे घड्याळ कृष्णामाईचे. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. २००५ आणि २०२१ सालचे पूरही पेठेने पाहिले. पाणी दारात आल्यावर विमा निघत नाही. शिवाय जुन्याच रकमेवर विमा चालू ठेवला तर आणखी एक पेच पडतो. माल दहा लाखांचा, विमा पाच लाखांचा आणि नुकसान दोन लाखांचे झाले, तर सर्वसाधारण नियमाने भरपाई एक लाखाचीच मिळते.

मग उपाय काय? एका कागदावर सारी मुकी कामे लिहावीत. प्रत्येकापुढे शेवटची तारीख घालावी आणि पहिले पाऊल लिहावे. ‘विम्याचे पाहणे’ असे लिहून काही होत नाही. ‘कपाटातून पॉलिसी काढून रक्कम वाचणे, पूर धरला आहे की वगळला आहे हे पाहणे’ असे लिहिले की हात आपोआप कपाटाकडे जातो. जे नुकसान मागाहून भरून निघणार नाही, त्याचे काम आधी घ्यावे. सोपे काम आधी उरकण्याचा मोह आवरावा. आणि यासाठी दुकान उघडण्यापूर्वीचा अर्धा तास राखावा, कारण एकदा दार उघडले की बोलक्या कामांचे राज्य सुरू होते.

भिडेवर मात्र निराळी युक्ती हवी. दर पाडव्याला सर्वच खातेदारांना बाकीचा उतारा द्यावा आणि ‘बाकी मान्य’ असे लिहून तारखेसह सही घ्यावी. सगळ्यांनाच कागद जातो, म्हणून कोणा एकाला राग येण्याचे कारण उरत नाही. मुदत संपण्यापूर्वी अशी लेखी कबुली मिळाली, तर त्या सहीच्या दिवसापासून नवी तीन वर्षे सुरू होतात. थोडी रक्कम आली तर तीही देणाऱ्याच्या सहीनिशी नोंदवून घ्यावी. तिचाही तोच उपयोग होतो.

वहीपूजन आपण दर वर्षी भक्तिभावाने करतो. त्याच दिवशी वही उघडून तीन वर्षांच्या उंबरठ्यावर आलेली नावे वेगळी काढावीत, आणि त्यांतील पहिल्या घरी त्याच आठवड्यात जावे.