मागल्या बाजूचा मजकूर

युद्धाच्या आठवणींवर काही लिहून द्यावे अशी संपादकांची आज्ञा झाली, तेव्हा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीत असलेल्या एका हवालदाराची छायाचित्रे घरच्यांनी जपून ठेवली आहेत, एवढ्या ऐकीव माहितीवर विसंबून मी धारवाडातील एका कौलारू घराच्या सोप्यात जाऊन बसलो. बाहेर मलनाडाकडून येणारी बारीक, हट्टी झड लागली होती आणि कागदांना ही हवा बाधते म्हणून हवालदारांच्या नातीने ट्रंक उघडण्यापूर्वी खिडकी लावून घेतली.

पलटणीचा इतिहास सर्वश्रुत आहे. जिचे शिक्षणकेंद्र १९२२ पासून बेळगावी आहे त्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे शिपाई १९४१ साली इरिट्रियातील केरेनच्या डोंगरांत लढले, पुढे इटलीत गेले, आणि तेथे १० जुलै १९४४ रोजी यशवंत घाडगे यांनी व ९ एप्रिल १९४५ रोजी नामदेव जाधव यांनी केलेल्या पराक्रमाबद्दल उभयतांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडग्यांना तो मरणोत्तर. सरकारी छायाचित्रकारांनी टिपलेली या मोहिमांची चित्रे लंडनच्या इम्पीरियल वॉर म्यूझियमच्या दप्तरी दाखल आहेत. त्यांखाली पलटण आणि मुलूख यांची नोंद असते; शिपायाचे नाव पुष्कळदा नसते.

ट्रंकेतील चित्रांत मात्र पलटण शोधूनच काढावी लागते. निगेटिव्हच्याच मापाची, नागमोडी कातरलेल्या कडांची ही चिमुकली चित्रे. त्यांत ना तोफ, ना रणांगण. तंबूच्या दोरीवर वाळत घातलेले कपडे, शिपायांच्या मधोमध ऐटीत बसलेले एक कुत्रे, आणि स्टुडिओतील रंगविलेल्या पडद्यापुढे ताठ उभे राहिलेले खुद्द हवालदार. एका पाकिटात मात्र एकाच चित्राच्या दोन प्रती होत्या: दगडी पायरीवर बसलेले चौघे, त्यांतील एकाची मान ऐन वेळी हलल्यामुळे चेहऱ्याच्या जागी नुसता करडा फराटा.

नातीने त्यांतली एक प्रत उलटी केली. मागे पेन्सिलीने आधी ओढून घेतलेली सलग रेघ होती आणि तिला टांगल्यासारखी मोडी अक्षरे. मुंबई इलाख्यातील मराठी शाळांत त्या काळी मोडी शिकवीत. हवालदारांच्या मुलाची सारी लिखापढी बाळबोधीत झाली. आणि १९५६ साली धारवाड म्हैसूर राज्यात गेल्यानंतर जन्मलेली ही नात कानडी शाळेत शिकली. एका घरात तीन पिढ्यांच्या तीन लिप्या झाल्या. निवृत्तीनंतर तिने मुळाक्षरांचा छापील तक्ता मिळविला आणि भिंग घेऊन ती एकेक अक्षर लावू लागली. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा विधिनिषेध नाही, आणि लेखणी उचलायची नाही या हव्यासापायी अक्षरे एकमेकांत गुंतत जातात. “अज्जाचं अक्षर चांगलंच होतं हो,” ती म्हणाली, “वाचणारी मी कच्ची!”

महिनाभराच्या खटपटीने तिने लावलेला मजकूर असा: एक प्रत अमक्याच्या घरी पोचती करणे. नाव आणि गाव मात्र एकाच वळणात असे मिसळले आहे की, माणूस कोठे संपतो आणि गाव कोठे सुरू होते हे तिला उमगलेले नाही.

बाकीच्या चित्रांची कथा खेदकारक आहे. मोठ्या हौसेने हुबळीहून आणलेल्या, डिंकाच्या पानांवर प्लॅस्टिक ओढलेल्या अल्बमात ती सारी कधीच चिकटविली गेली. आता डिंक पिवळा पडला आहे, काळोख्या भागांवर चांदीची निळसर झाक चढली आहे, आणि पाठीमागचे मजकूर पानांना धरून बसले आहेत. दात साफ करण्याचा रेशमी दोरा चित्राखालून सावकाश सरकवीत ते सोडविण्याचा मार्ग तिला ठाऊक आहे. पण एका चित्राचा कोपरा त्यात सोलून निघाल्यापासून तिचा हात धजत नाही. स्कॅन करून ठेवा, असा सल्ला येणारेजाणारे देतात. त्याने चेहरे राहतील, पण यंत्र पाठीपर्यंत पोचत नाही.

पाकिटातली प्रत जादा समजून एका पाहुण्याला द्यायचे घरात जवळजवळ ठरलेच होते. आता ती स्वतंत्र लिफाफ्यात आहे आणि लिफाफ्यावर नातीने बाळबोधीत लिहून ठेवले आहे: ही आपली नव्हे.