परदेशी गेलेल्या घोड्याची खाज

खाज या लक्षणाला आपल्या व्यवसायात फारसा मान नाही. ज्वर, वेदना, रक्तस्राव यांच्यापुढे ते गौण ठरते आणि गर्दीच्या वेळी एखादे मलम व एखादी गोळी यांवर त्याची बोळवण होते. परंतु ज्याला ती रात्रंदिवस सोसावी लागते त्याला विचारले, तर उत्तर वेगळे येईल. घोड्याला तर विचारताही येत नाही. तो खांबाला, झाडाला, कुंपणाच्या तारेला अंग घासत राहतो आणि त्याच्या रक्ताळलेल्या कातडीवरून आपण काय ते समजून घ्यायचे असते. अश्ववैद्यकातील अशाच एका विकाराची ओळख आपल्या वैद्यकीय मित्रांना व सुजाण वाचकांना करून द्यावी, हा या लेखाचा हेतू आहे. विकार घोड्याचा असला तरी त्यातून निघणारे प्रश्न आपल्याही परिचयाचे आहेत.

विकाराचे स्वरूप

ब्रिटनमध्ये या रोगाला ‘स्वीट इच’ म्हणतात, ऑस्ट्रेलियात ‘क्वीन्सलँड इच’, तर जपानमध्ये ‘कासेन’. नावे अनेक असली तरी कारण मुख्यत्वे एकच, आणि ते म्हणजे क्युलिकॉइडिस नावाची रक्तशोषक चिलटे. अवघ्या १ ते ३ मिलिमीटर लांबीचा हा कीटक. त्याची मादीच तेवढी चावते आणि तिच्या लाळेतील प्रथिनांची घोड्याला अॅलर्जी होते. क्वीन्सलँडमध्ये रीक या संशोधकाने १९५०च्या दशकात हा संबंध प्रयोगाने दाखवून दिला. तात्काळ होणारी आयजीई प्रकारची प्रतिक्रिया आणि उशिरा होणारी पेशीजन्य प्रतिक्रिया अशा दोन्ही यात आढळतात.

आयाळीचे मूळ, शेपटीचे मूळ आणि पोटाची मधली रेषा या या रोगाच्या ठरलेल्या जागा होत. घोडा घासून घासून आयाळ झिजवून टाकतो, शेपटीचे केस झडतात, कातडी जाड होऊन तिला वळ्या पडतात आणि जखमांत जंतुसंसर्ग होतो. उत्तर युरोपात साधारणतः एप्रिलमध्ये त्रास सुरू होतो, ऑक्टोबरच्या सुमारास शमतो आणि पुढल्या वर्षी पुन्हा उद्भवतो. यामुळे जीव सहसा जात नाही. पण चरणे, झोपणे, स्वाराला पाठीवर घेणे यांतले काहीच त्या जनावराला स्वस्थपणे करता येत नाही. असाध्य झालेल्या काही घोड्यांना शेवटी दयामरण द्यावे लागते.

आइसलँडचा धडा

या रोगाचा सर्वांत बोलका इतिहास आइसलँडच्या घोड्याचा आहे. अंगाने लहान, केसाळ आणि ‘टोल्ट’ या न हिसकणाऱ्या चालीसाठी प्रसिद्ध असलेली ही जात. परंपरेने असे सांगतात, की इ.स. ९८२च्या सुमारास तेथील लोकसभेने बाहेरचे घोडे आणण्यास बंदी केली. ती बंदी आजही कायम आहे. एकदा देशाबाहेर गेलेला घोडा पुन्हा मायदेशी येऊ शकत नाही. वापरलेले खोगीर व लगामदेखील आत नेता येत नाहीत. शतकानुशतके अलग राहिलेल्या या घोड्यांना बाहेरच्या रोगांपासून जपण्यासाठी हे निर्बंध आहेत.

घोड्यांना चावणारी क्युलिकॉइडिस चिलटे आइसलँडमध्ये दीर्घकाळ नांदत नसल्याने तेथे हा विकार होत नसे. परंतु तोच घोडा जर्मनी, स्वीडन किंवा डेन्मार्कला विकला गेला, की पहिल्या एकदोन उन्हाळ्यांतच खाज सुरू होते. या तीन देशांतील निर्यात घोड्यांची पाहणी २००६ साली प्रसिद्ध झाली. तीत चिलटांच्या प्रदेशात दोन वर्षे वा अधिक काळ राहिलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे घोडे या विकाराने ग्रस्त आढळले. याउलट त्याच जातीच्या, पण युरोपच्या मुख्य भूमीवरच जन्मलेल्या घोड्यांत हे प्रमाण साधारणतः दहा टक्क्यांच्या आत राहते. रक्त तेच, वंश तोच, चिलटेही तीच. फरक एवढाच, की एकाला चिलटाचा पहिला दंश शिंगरू असताना झाला आणि दुसऱ्याला प्रौढपणी. दूध तुटताच, पहिल्या वर्षातच परदेशी नेलेल्या शिंगरांत रोग कमी दिसतो, असेही निरीक्षण आहे.

बालपणीच्या संपर्काने शरीराला सहनशीलता शिकविणाऱ्या नियंत्रक टी-पेशी घडतात आणि उशिरा झालेल्या संपर्कात ती संधी हुकते, असा याचा अर्थ लावला जातो. अनुवंशाचा भागही आहेच, पण तो एकटा पुरेसा नाही. बालरोगतज्ज्ञांना येथे शेंगदाण्याच्या अॅलर्जीवरील २०१५ सालचा ‘लीप’ अभ्यास आठवेल. ४ ते ११ महिन्यांच्या जोखमीच्या बालकांना शेंगदाणा नियमित दिल्यास पुढे अॅलर्जी होण्याचे प्रमाण पुष्कळच घटते, असे त्यात दिसून आले. आइसलँडच्या घोड्यांनी तीच गोष्ट कोणी प्रयोग न योजताच दाखविली होती.

निदान

या रोगाचे निदान आजही मुख्यतः इतिवृत्तावर होते. त्रास कोणत्या महिन्यात सुरू झाला, कोणत्या वेळी वाढतो, घोडा कोठे चरतो व कोठून आला, हे प्रश्न महत्त्वाचे. रक्तातील आयजीईच्या चाचण्या उपलब्ध असल्या तरी सरसकट कीटक-अर्कावर आधारलेल्या चाचण्यांचा भरवसा मर्यादित आहे. शेपूट घासणाऱ्या घोड्यात गुदद्वाराशी अंडी घालणारे जंत, उवा, खरजेचे किडे आणि नायटा यांचा विचार आधी करावा लागतो. परागकण, बुरशी वा धूळ यांच्या अॅलर्जीनेही खाज सुटते, अंगावर गांधी उठतात. वाळलेल्या गवताच्या धुळीने काही घोड्यांना दमाही होतो. अशा वेळी ऋतू, जागा आणि खाद्य यांची नोंदवही हीच खरी प्रयोगशाळा ठरते.

उपचाराची दिशा

पहिला उपचार म्हणजे दंश टाळणे. या कीटकाचे उड्डाण दुबळे असते, हे त्याचे मर्मस्थान. पागेत मोठा पंखा लावला तरी वाऱ्याच्या झोतात त्याला घोड्यावर बसता येत नाही. पहाटे व तिन्हीसांजेला ही चिलटे विशेष सक्रिय असल्याने त्या वेळी घोडा आत बांधावा. जाळी अतिशय बारीक विणीची हवी, कारण माशांसाठीच्या साध्या जाळीतून ती सहज आत शिरतात. डबकी, चिखल व लिदीचे ढीग ही त्यांची जन्मस्थाने असल्याने पागा त्यांपासून दूर, वारा खेळेल अशा उंचवट्यावर असावी. मानेपासून पोटापर्यंत अंग झाकणारी खास झूल आणि परमेथ्रिनसारखी कीटकरोधक द्रव्ये यांचाही उपयोग होतो. मात्र हे सर्व खाज सुरू होण्यापूर्वीच, ऋतूच्या आरंभी योजावे लागते. एकदा कातडी पेटली, की तीच उपाययोजना अपुरी पडते. पावसाळ्यात साचलेल्या पाण्याशेजारी घोडे बांधणाऱ्या आपल्याकडील मंडळींनीही हे ध्यानात ठेवावे.

औषधांची कथा मात्र निराशेची आहे. हिस्टामिनरोधक गोळ्यांचा घोड्यांत फारसा भरवसा धरता येत नाही. प्रेडनिसोलोन वा डेक्सामेथासोनने खाज थांबते, परंतु खुरांच्या आतील दाहाचा, म्हणजे लॅमिनायटिसचा धोका मनात ठेवावा लागतो. खाज गेली आणि घोडा लंगडा झाला, हा सौदा कोणालाच परवडणारा नाही.

अलीकडच्या काळात आशेचा एक किरण दिसला आहे. २०१८ साली झुरिकच्या संशोधकांनी ३४ आइसलँडिक घोड्यांवरील चाचणी प्रसिद्ध केली. काकडीवरील एका विषाणूच्या पोकळ कवचाला घोड्याचे इंटरल्यूकिन-५ जोडून त्यांनी लस तयार केली होती. या लसीने घोड्याचे शरीर स्वतःच इंटरल्यूकिन-५ विरुद्ध प्रतिपिंडे बनवते आणि इओसिनोफिल पेशी घटतात. लस दिलेल्यांपैकी ४७ टक्के घोड्यांच्या त्वचेत निम्म्याहून अधिक सुधारणा झाली, तर नुसती सुई टोचलेल्यांत हे प्रमाण १३ टक्के होते. तीव्र दम्याच्या रुग्णांत आपण वापरतो त्या मेपोलिझुमॅबचे लक्ष्यही इंटरल्यूकिन-५ हेच. निर्यातीपूर्वीच अॅलर्जी टाळणारी लस शोधण्यासाठी आइसलँडमधील केल्दुर संस्था आणि स्वित्झर्लंडमधील बर्न विद्यापीठ यांनी दीर्घकाळ संयुक्त संशोधन केले आहे.

शास्त्र आपल्या गतीने पुढे जाईल. परंतु प्रौढ घोडा जहाजात वा विमानात चढविण्यापूर्वी विकणाऱ्याने व घेणाऱ्याने एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. या व्यवहारात रोग होण्याची शक्यता निम्म्याजवळ जाऊ शकते आणि परतीची वाट कायद्याने बंद आहे. वाऱ्याच्या, कोरड्या, चिलटे विरळ असलेल्या जागीच त्याची सोय होणार असेल, किंवा तो कोवळ्या वयातच नेला जाणार असेल, तर धोका कमी होतो. ही चौकशी करण्यास पैसा लागत नाही. ज्याला स्वतःची संमती देता येत नाही, त्याच्या वतीने ती कोणीतरी केली पाहिजे, आणि ती करण्याचे पहिले कर्तव्य वैद्याचे आहे.