होजिअरी कापडाची वीण आणि तंतूची निवड : बिदर-कलबुर्गी परिसराच्या संदर्भात

प्रास्ताविक

एप्रिल-मे महिन्यांत कलबुर्गी जिल्ह्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. बिदर ६०० मीटरहून अधिक उंचीवर असल्याने तेथील रात्री काहीशा सुसह्य असतात. मात्र भालकी, औराद, आळंद या भागांतील दुपार विद्यार्थ्यांची परीक्षाच पाहते. अशा वेळी गणवेश, बनियन किंवा हिजाबखालची टोपी यांचे कापड कोणते असावे, हा केवळ आवडीचा प्रश्न राहत नाही.

त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश असते. हवा त्याहून गरम झाली की उष्णता बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग एकच उरतो, तो म्हणजे घामाचे बाष्पीभवन. १ लिटर घाम अंगावर सुकला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. नुसता टपकून गेलेला घाम हा लाभ देत नाही. तेव्हा कापड घामाला सुकू देते की अडवते, हाच कळीचा मुद्दा होय.

विणीचा परिणाम

मागावरच्या कापडात ताणा व बाणा एकमेकांना काटकोनात छेदतात. होजिअरीत मात्र फासात फास अडकवून कापड तयार होते. इंग्लंडमध्ये विल्यम ली याने १५८९ मध्ये अशा विणीचे यंत्र बनविले. आज आपल्या देशात तमिळनाडूतील तिरुपूर हे या उद्योगाचे मोठे केंद्र आहे. फास ताणला की रुंदावतो, म्हणून असे कापड अंगाबरोबर हलते. फासांमधील पोकळीत हवा राहते.

सिंगल जर्सी पातळ व हलकी असते; उन्हाळी बनियनसाठी ती योग्य. रिब आडवी पुष्कळ ताणली जाते, म्हणून ती गळा व बाह्यांच्या कडांना वापरतात. इंटरलॉक दोन्ही बाजूंनी गुळगुळीत, परंतु जाड व ऊबदार असते. फास जितका सैल, तितकी हवा अधिक खेळते. थंडीत याच कारणाने विणलेल्या स्वेटरमधून वारा आत शिरतो. त्यावर घट्ट विणीचे साधे कापड घातले तर ऊब टिकते.

तंतूचा परिणाम

प्रमाणित हवामानात १०० ग्रॅम कोरडा कापूस हवेतील सुमारे ८ ग्रॅम ओलावा धरतो, लोकर सुमारे १५ ग्रॅम, तर पॉलिएस्टर अर्ध्या ग्रॅमहूनही कमी. त्यामुळे साध्या पॉलिएस्टरमध्ये अंग चिकट वाटते. कापूस घाम शोषतो, पण सावकाश सुकतो. कोकणच्या दमट हवेत ओली सुती बनियन अंगाला चिकटून राहते. कलबुर्गीच्या कोरड्या उन्हाळ्यात तीच लवकर सुकते आणि गारवा देते. म्हणजेच उत्तम कापड कोणते, याचे उत्तर प्रदेशानुसार बदलते.

वीण आणि तंतू यांची सांगड आपल्या परंपरेला नवी नाही. 'मशरू' या शब्दाचा अर्थच 'शरीअतने मान्य केलेले' असा आहे. पुरुषांना शुद्ध रेशीम वर्ज्य मानले गेल्याने या कापडात रेशमी ताणा वर दिसतो व सुती बाणा त्वचेकडे राहतो. आजच्या प्लेटेड होजिअरीतही दोन धागे असेच आत-बाहेर ठेवले जातात. खेळाडूंच्या काही कपड्यांत पाणी न शोषणारा धागा आत व शोषणारा बाहेर असतो. त्यामुळे घाम त्वचेपासून दूर खेचला जातो.

वर्गातील प्रयोग

शिवणकामाच्या वर्गात तीन तुकडे घेऊन प्रत्येकावर पाण्याचा एकेक थेंब टाकावा. थेंब किती वेळात मुरतो, किती पसरतो व केव्हा सुकतो, याची नोंद विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी. नवे सुती होजिअरी कापड आटते. म्हणून बेतण्यापूर्वी ते धुऊन घेण्याची सवय लावावी.

निष्कर्ष

मिश्र धाग्याचा गणवेश टिकतो, लवकर वाळतो, इस्त्री कमी मागतो. एकाच जोडावर वर्ष काढणाऱ्या कुटुंबासाठी हे गुण मोठे आहेत. त्यांना नावे ठेवून चालणार नाही. मात्र त्वचेला लागणारा थर सुती व सैल विणीचा असावा आणि वरचा कपडा ढगळ असावा, एवढे पथ्य अल्प खर्चात पाळता येते. गणवेश ठरविणाऱ्या समित्यांनी रंगाइतकाच याचाही विचार करणे अगत्याचे आहे.