बंदरावरची यंत्रे : पिस्टन निवडताना

मागच्या आठवड्यात आपण आउटबोर्ड मशीनचा इम्पेलर आणि पाण्याचा मार्ग पाहिला. हा मार्ग मिठाने चोंदला की पहिला फटका पिस्टनला बसतो. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात कोकणातल्या बंदरांवर मशीन उघडली जातात. सीझ झालेला पिस्टन हातात येतो आणि दुकानात कंपनीचा, फोर्ज्ड आणि बिननावाचा असे तीन पर्याय समोर असतात. रोज पोटासाठी चालणाऱ्या टू-स्ट्रोक मशीनला कंपनीचा, किंवा कंपनीला माल पुरवणाऱ्या खात्रीच्या कारखान्याचा, ओतीव पिस्टनच घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. पण त्याआधी जुना पिस्टन नीट पाहायला हवा.

तो भंगारात टाकू नका. पुसून उजेडात धरा. माथ्याच्या मधोमध धातू वितळला असेल किंवा भोक पडले असेल, तर ठिणगीची वेळ येण्याआधीच इंधन पेट घेत होते. चुकीच्या हीट रेंजचा प्लग किंवा तापून लाल झालेला कार्बन ही त्याची नेहमीची कारणे. माथ्याची कड उंदराने कुरतडल्यासारखी आणि बारीक खड्ड्यांची दिसली, तर ते नॉकिंग. पेट्रोलसाठी बनवलेले मशीन रॉकेलवर चालवले की हे हमखास होते. रॉकेलचा ऑक्टेन कमी असतो, म्हणूनच रॉकेलच्या मशीनचे कॉम्प्रेशन मुळातच कमी ठेवलेले असते. स्कर्टवर चार ठिकाणी उभे ओरखडे असतील, तर पिस्टन लायनरपेक्षा वेगाने फुगला. फक्त एक्झॉस्टच्या बाजूला ओरखडे असतील, तर तेलाचा थर तुटला किंवा मिश्रणात पेट्रोल कमी पडले. आणि अनेक सिलिंडरांपैकी एकच खराब झाला असेल, तर त्याच सिलिंडरचा कार्ब्युरेटर आणि क्रँकचे सील तपासा, तिथून हवा शिरत असेल. हे कारण तसेच ठेवून घातलेला पिस्टन, मग तो कितीही महाग असो, त्याच वाटेने जातो.

आता धातूकडे येऊ. ॲल्युमिनियम तापल्यावर ओतीव लोखंडाच्या लायनरच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. हे प्रसरण कमी करण्यासाठी त्यात सिलिकॉन मिसळतात. चांगल्या ओतीव पिस्टनात ते १६ ते १८ टक्क्यांपर्यंतही असते. त्यामुळे पिस्टन कमी फुगतो, फट कमी ठेवता येते आणि सिलिकॉनच्या कठीण कणांमुळे रिंगेची खाच उशिरा झिजते. फोर्ज्ड पिस्टन दाबून घडवलेला असल्याने चिवट असतो, नॉकिंगमध्ये सहसा तडकत नाही. पण तो जास्त फुगतो, म्हणून फट मोठी ठेवावी लागते. या फटीमुळे मशीन थंड असताना पिस्टन वाजतो आणि स्कर्ट झिजतो. होडीचे मशीन सुरू होताच फुल थ्रॉटलवर जाते. पिस्टन क्षणात तापतो, लायनर मात्र समुद्राच्या पाण्याने गारच राहतो. फट जराशी कमी पडली तरी फोर्ज्ड पिस्टन इथेच अडकतो. शर्यतीच्या बोटीला तो योग्य, जाळे टाकणाऱ्या होडीला नाही.

ओतीव म्हणजे हलक्या प्रतीचा, हा समज बंदरावर फार पक्का आहे. मोटारींचा धूर कमी व्हावा म्हणून नासाच्या मार्शल स्पेस फ्लाइट सेंटरमध्ये ॲल्युमिनियम-सिलिकॉनचा एक मिश्रधातू तयार झाला. इव्हिनरूडने २००३ मध्ये आणलेल्या ई-टेक या टू-स्ट्रोक आउटबोर्डच्या पिस्टनांसाठी तो वापरला गेला. तो ओतकामासाठीच बनवलेला होता. पिस्टन घडवला की ओतला एवढ्यावरून टिकाऊपणा ठरत नाही.

दुकानात पार्ट नंबर जुळवाच, पण रिंग अडवणाऱ्या बारीक पिना जुन्या पिस्टनाच्या जागीच आहेत का, तेही पाहा. रिंगेचे तोंड पोर्टसमोर आले तर ते त्यात अडकून मोडते. काही व्ही-इंजिनांत डाव्या आणि उजव्या बाजूचे पिस्टन वेगळे असतात. बिननावाच्या पिस्टनाची या सगळ्यात कुणीच हमी देत नाही.

बोअरिंग करायचे असेल तर पिस्टन आधी विकत घ्या, ते मायक्रोमीटरने मोजून घ्या आणि प्रत्येक सिलिंडर त्याच्याच पिस्टनाच्या मापाने बोअर करून घ्या. पाव किंवा अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइज म्हणून अंदाजाने बोअर केलेले लायनर मी पुन्हा उघडताना पाहिले आहेत. बोअर झाल्यावर पोर्टच्या धारदार कडा घासून मोडायला सांगा. बरेच कारागीर हे विसरतात आणि नव्या रिंगा पहिल्याच दिवशी खरवडल्या जातात. गजन पिनचे बेअरिंग आणि सर्क्लिप नवीनच घाला. जुना सर्क्लिप सुटला तर लायनर गेलाच.

नव्या पिस्टनावर सुरुवातीचे तास इंधनात दुप्पट तेल लागते. जिथे नेहमी लिटरला २० मिलिलिटर, तिथे ४०. नेमके माप मशीनच्या पुस्तिकेत पाहा. तेल टीसी-डब्ल्यू ३ दर्जाचे घ्या. स्कूटरचे टू-टी तेल हवेने थंड होणाऱ्या इंजिनांसाठी असते.

यंदा मशीन उघडाल तेव्हा मेकॅनिककडून जुना पिस्टन मागून घ्या आणि नवा बसवण्याआधी तो का गेला, हे त्याच्याकडून समजून घ्या. पुढच्या आठवड्यात क्रँकशाफ्टचे सील पाहू.